लाल मण्यांची माळ

मंजुषानं हाडं तिसऱ्यांदा तपासली, तरी आकडे तेच. तीन हजार वर्षांपूर्वीच्या या बाईसोबत तांब्याच्या बांगड्या आणि लाल मण्यांची माळ पुरलेली होती. हाडं मात्र सांगत होती, हिच्या पोटात दूध, मांस क्वचितच गेलंय. शेजारी पुरलेले पुरुष त्यावरच पोसलेले! नमुन्यांच्या चिठ्ठ्या आपणच उलटसुलट चिकटवल्या की काय, तिला कळेना. अहवालातला रकाना रिकामा होता: श्रीमंत की गरीब? तेवढ्यात नात्यातल्या लग्नासाठी कन्नड गावाहून आलेली आई गळ्यातली सोन्याच्या पुतळ्यांची माळ सावरत प्रयोगशाळेत डोकावली. मंजुषानं चहा मागवला. "मला बिनदुधाचा सांग. दूध मानवत नाय," आई म्हणाली. "अगं, आपल्या गोठ्यात सात म्हशी होत्या!" मंजुषा म्हणाली. "व्हत्या की. दूध आधी बाप्यांना, मंग तुम्हा लेकरांना. मला कुठली सवय?" मंजुषा आईच्या गळ्यातल्या माळेकडं बघत राहिली. "आई, तू श्रीमंत होतीस का गं?"