समोरची फौज

तिने पत्ता उलटला. ‘डावी फळी टेकडीमागे घे.’ टेबलाला वळसा घालून तिने पटावरचे लाल डगल्यातले सहा शिशाचे शिपाई टेकडीमागे सरकवले आणि परत आपल्या खुर्चीत येऊन बसली. आता तिची चाल. नेपोलियनची फौज तिची होती. समोरची खुर्ची रिकामी होती.

दोन वर्षांपूर्वीपर्यंत दर रविवारी दुपारी तिथे धाकटा भाऊ बसायचा. शाळेत असल्यापासून. मग एकदा घोडदळ पुलाशिवाय नदी ओलांडू शकतं का, यावरून वाजलं. “रडीचा डाव खेळतोस,” ती म्हणाली. सदुसष्ट वर्षांचा माणूस अनवाणीच निघून गेला. चपला न्यायला दुसऱ्या दिवशी बायकोला पाठवलं.

तिने पुठ्ठ्याचे चाळीस पत्ते कापले आणि त्याच्या खोडी आठवून आठवून त्यांवर शत्रूच्या चाली लिहिल्या. घाईने तोफा पुढे आणणं. हरायला लागला की राखीव फौज विसरणं. एका पत्त्यावर ‘चहा माग’ असंही होतं. तो पत्ता निघाला की ती उठून दोन कप चहा करायची आणि दोन्ही स्वतःच प्यायची. पत्ते लढायचे छान. फक्त चाल करताना त्याच्यासारखे नाकातल्या नाकात गुणगुणायचे नाहीत.

दार वाजलं. भावजय. निवृत्त नर्स असल्याने ती महिन्यातून एकदा रक्तदाब बघायला यायची. आज तासभर आधीच आली, त्यामुळे पट झाकायचा राहिला.

दंडाला पट्टा गुंडाळताना भावजयीची नजर टेबलावर गेली. “वन्सं, कोण जिंकतंय?”

“तुझा नवरा. पण आज हरवते त्याला.”

“आमच्याकडेही जेवणाच्या टेबलावर हेच मांडून ठेवलंय. दोन वर्षं ताट मांडीवर घेऊन जेवतोय आम्ही. तुम्हाला सांगू नको म्हणून बजावलंय मला.”

“मग माझ्या चाली कोण करतं?”

“पत्ते केलेत ना. असेच, गठ्ठाभर.”

“काय लिहिलंय माझ्याबद्दल? भांडकुदळ?”

“बोलू नका, आकडा चुकतो.” भावजयीने हवा सोडली, पट्टा काढला, सावकाश घडी घातली. “खेळ कसला होतोय, एक शिपाई हललेला नाही. परवा टेबल पुसताना पाहिले मी पत्ते. काहीतरी लिहायचं, खोडायचं, परत लिहायचं. आणि प्रत्येकाच्या तळाशी एकच ओळ. ‘ताईला विचार.’”