शेजारणीने पेटवलेली चूल

“नाव?”

“शकू.”

“पुरं नाव सांगा, बाई.”

“अहो, पुरं मघाशी तुम्हीच वाचून दाखवलंत ना!”

“साक्षीदार वकिलाला ‘अहो’ म्हणत नाही,” त्र्यंबकराव म्हणाले. “साहेब म्हण.”

त्यांच्या बायकोने, सुमतीने, हसू लपवायला पदर तोंडाशी नेला. टेंभी नाक्यावरच्या त्या दोन खोल्यांत वकिलांच्या खुर्चीसमोरचा पाट म्हणजे साक्षीदाराचा पिंजरा. उद्या मोठी उलटतपासणी असली की संध्याकाळी ते तिला तिथे बसवत आणि आपले प्रश्न तिच्यावर घासून बघत. ती वाती वळता वळता उत्तरं देई. रोजच्या वातींचा तिचा नेम होता.

उद्याचा खटला खुनाचा होता. कोपरच्या मिठागराच्या बांधावर तानाजीने पंढरीच्या डोक्यात फावडं घातलं आणि ते आपण मागल्या दारातून पाहिलं, असा शकूचा जबाब होता. पाहणारी ती एकटीच. त्र्यंबकराव तानाजीचे वकील. त्याचा बाप राघो बाहेर सज्जात उकिडवा बसला होता. वकिलांसाठी आणलेलं वालाचं गाठोडं अजून त्याच्या मांडीवरच होतं.

“दिवेलागणीला तुम्ही मागल्या दारी काय करत होतात?”

“बसले होते, साहेब.”

“सासू अंथरुणाला खिळलेली, नवरा कामावर, आणि घरची सून नुसती बसली होती?”

“हो.”

“त्या संध्याकाळी तुमच्या घरची चूल कुणी पेटवली?”

“शेजारणीने. तसं जबाबातच आहे की.”

“तुम्ही घरात असताना चूल पेटवायला शेजारीण का यावी?” त्र्यंबकरावांचा आवाज चढला. “बाई, तुम्ही त्या संध्याकाळी घरी नव्हताच! तुम्हांला हे सगळं पढवून आणलंय!”

सुमतीच्या तळहातावरचा कापूस तसाच राहिला.

“बोला. गप्प का?”

“हे नका विचारू तिला.”

“का? इथेच तर ती अडकते.”

“असंच.”

“असंच म्हणजे काय, सुमती?”

तिने आतल्या खोलीकडे पाहिलं. सासूबाईंचा जप चालला होता. मग मान खाली घालून ती पुटपुटली, “बाजूला बसलेली बाई चुलीला शिवते का? ते चार दिवस मागल्या दारीच काढायचे असतात. आपल्या घरी काय वेगळं आहे?”

त्र्यंबकराव वरमले. इतक्या वर्षांच्या संसारात हा विषय दोघांत कधी निघाला नव्हता. तिने वेगळं बसायचं आणि त्यांनी न पाहिल्यासारखं करायचं, एवढंच. त्यांनी तोंड खिडकीकडे फिरवलं. वळले तेव्हा चेहऱ्यावरचा संकोच गेला होता.

“म्हणजे कारण आहे, पण ती ते सांगणार नाही.”

“कशी सांगेल? कोर्टभर पुरुष. सासरा, दीर मागे बसलेले.”

“गप्प उभी राहील.”

“मेल्याहून मेली होईल हो ती.”

“आणि जज्जसाहेबांना वाटेल, हिच्याजवळ उत्तरच नाही.”

आपण त्यांच्या हाती काय दिलं, ते सुमतीला आत्ता कळलं.

“अहो, पण ती घरीच होती! म्हणजे तिने खरंच पाहिलंय.”

“असेल पाहिलं.”

“मग?”

“फाशीचा खटला आहे. पोराला अजून नीट मिशी फुटलेली नाही,” त्र्यंबकराव समोरचे कागद सारखे करत म्हणाले. “तिने काय पाहिलं, ते शोधणं माझं काम नाही. तिला काय बोलता येणार नाही, तेवढं मला पुरे.”

“आणि तुमचं मन?”

“ते उद्या संध्याकाळनंतर.”

ते उठून सज्जात गेले. “राघो, आज घरी जाऊन स्वस्थ झोपा. उद्या त्या बाईची साक्ष टिकायची नाही. हा मुद्दा मला सुचला नव्हता हां, आमच्या घरातूनच निघाला.”

राघो गाठोडं घेऊन दाराशी आला. ते त्याने आत ठेवलं आणि उंबऱ्याशी वाकून सुमतीच्या दिशेने कपाळ टेकलं.

“आय, तुमचे पुन्याईनं माजा पोऱ्या वाचंल.”

सुमतीने पाय पोटाशी ओढून घेतले. राघो डोळे पुसत जिना उतरून गेला, तरी ती उंबऱ्याच्या त्या जागेकडे बघत राहिली.

दिवेलागण झाली. सुमती उठली. देव्हाऱ्याजवळून जाताना तिने अंग चोरलं. मोरीपलीकडे, मागल्या दाराशी, महिन्यातले चार दिवस ती जिथे बसे त्या कोपऱ्यात तिने घोंगडी टाकली.

“आई, आज दिवा तुम्ही लावा.”

सासूबाई माळ हातात घेऊनच बाहेर आल्या. कोपऱ्यात बसलेल्या सुनेकडे बघून त्या चकित झाल्या.

“अगं, परवाच तर न्हालीस ना तू?”

सुमतीने गुडघ्यांवर पदर ओढून घेतला आणि तोंड भिंतीकडे केलं.

“बरं वाटत नाही का? अगं, बोल तरी काही.”

सासूबाई तिला हात लावायला वाकल्या, तशी ती आणखी आत सरकली. त्यांनी हात मागे घेतला. दारात त्र्यंबकराव येऊन उभे होते. त्यांच्या हातात उद्याचे कागद होते.

“त्र्यंबका,” सासूबाई म्हणाल्या, “हिला काय झालंय रे? तू तरी सांग.”