तिसरा ग्लास

थोरल्या प्रितमनं बेल्जियमहून आणलेली बिअरची बाटली बाप कशेळीच्या बारमध्ये घेऊन आला, तेव्हा मितेशला वाटलं, भावाचा फोन आला असणार. "तिकडं मठातले साधू बनवतात ही. पुढच्या खेपेला आलो की फोडू," असं बजावून तो पुन्हा जहाजावर गेला होता. ते जहाज बेपत्ता झालं, तरी बापानं दोन वर्षं बाटलीला कुणाला हात लावू दिला नव्हता. मितेशनं हरखून तळलेले बोंबील सांगितले, ग्लास मुद्दाम तीन मागवले. बापानं बूच काढलं. काकवीसारखी काळसर बिअर फेसाळत वर आली; वासानंच मितेशच्या तोंडाला पाणी सुटलं. पिण्याआधी मेलेल्यांच्या नावानं थेंब शिंपडायची घरची रीत. बापानं बोट बुडवलं. "हा आज्याला. हा आजीला." मितेशनं ग्लास ओठांशी नेला. बापाचं बोट पुन्हा फेसात गेलं. "थांब," बाप म्हणाला, "अजून एक हाय."