निळ्या डबीतलं क्रीम

"रोज रात्री लावत होतीस?" डॉक्टरांनी निळी डबी उघडत विचारलं.

मी मान हलवली. सुरकुत्यांविरुद्ध तिशीआधीच सुरुवात करावी, असं वाचून हे रेटिनॉलचं क्रीम मागवलं होतं. आज सकाळी चाचणीत दोन रेघा उमटल्या आणि मग मी डबीवरची बारीक अक्षरं वाचली: गरोदरपणात वापरू नये. रसायनशास्त्राची पदवी असूनही दोन महिने ती वाचली नव्हती. सोबत आलेल्या सासूबाई पदर सावरत बसल्या होत्या.

"जळजळ? त्वचा सोलली?"

"एकदाही नाही."

डॉक्टरांनी क्रीम बोटांवर चोळून हुंगलं. "हे तर तूप आहे!"

सासूबाईंनी पदर गालांवर ओढला. "हिला अठ्ठाविसाव्या वर्षी कसल्या आल्यात सुरकुत्या? पहिल्याच दिवशी मी डबीत शंभरदा धुतलेलं, क्रीमसारखं पांढरं झालेलं तूप भरलं."

"आणि क्रीम?" मी कसंबसं विचारलं.

"वाया कशाला घालवायचं?"

पदर सरकला. त्यांचे गाल लाल होऊन सोलले होते.

मी रडत त्यांना मिठी मारली. माझ्या खांद्यावरून त्यांनी हळूच विचारलं, "डॉक्टर, एकसष्टाव्या वर्षी सुरुवात म्हणजे फार उशीर झाला का हो?"