आईसाठी घेतलेला इन्व्हर्टर

वादळ आणि गारपिटीचा इशारा मोबाइलवर आला तशा अंबडच्या त्या गल्लीतल्या बायका कामाला लागल्या. कुणी पाण्याची पिंपं भरली, कुणी मिक्सरवर वाटण करून ठेवलं, कुणी मेणबत्त्या शोधल्या. किशोरने नव्या इन्व्हर्टरला झेंडूची माळ घातली. नारळ सकाळीच फोडून झाला होता. लोक इन्व्हर्टर जिन्याखाली, कोपऱ्यात कुठेतरी ठेवतात. याने तो हॉलमध्ये ठेवला, दारातून आत येणाऱ्याला आधी तोच दिसावा म्हणून.

"आतल्या खोलीचं बटण त्याच्यावर चालतंय ना, तेवढं बघा एकदा," त्याची बायको मोहिनी म्हणाली.

आतल्या खोलीत किशोरची आई भागीबाई गोधडी पांघरून धापा टाकत बसली होती. थंडी वाढली की तिचा दमा उसळायचा आणि वाफेचं मशीन लावावं लागायचं. ते विजेवर चालतं. त्याच्यासाठीच तर मोहिनीने नवऱ्याच्या मागे लागून हा इन्व्हर्टर घ्यायला लावला होता.

"सगळं चालतं गं. उगाच डोकं खाऊ नकोस," म्हणत किशोरने इन्व्हर्टरचा फोटो काढून गल्लीच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'कुणाला अडचण आली तर निःसंकोच या.' स्वतःच्या आईची अडचण विचारायला मात्र तो आत डोकावलासुद्धा नाही.

दिवेलागणीला वारा सुटला, पत्र्यांवर गारा तडतडल्या आणि लाइट गेली. सगळी गल्ली काळोखात आणि किशोरचं घर लग्नघरासारखं झगमगलेलं. हॉलमधले दिवे, फाटकावरचा दिवा, गच्चीवरचा दिवा, टीव्ही. त्या जानेवारीच्या गारठ्यात या शहाण्याने पंखासुद्धा लावून दाखवला. शेजारी चार्जर घेऊन आले आणि कुडकुडत सोफ्यावर बसले.

"किती वेळ चालतो हो, किशोरभाऊ?" समोरच्या घरातल्या गोरक्षने विचारलं.

"रात्रभर! आपण साधी वस्तू घेतच नाही," किशोर म्हणाला आणि आत वळून ओरडला, "मोहिनी, सगळ्यांना चहा टाक."

रात्री दहाच्या सुमाराला मोहिनी दुसऱ्यांदा चहा घेऊन आली तेव्हा इन्व्हर्टर टीं टीं करायला लागला होता. लाल दिवा लागला होता. ती किशोरजवळ वाकली.

"अहो, बॅटरी संपत आली. आईंना वाफ द्यायचीय. त्यांना श्वास घेता येईना. हे सगळं बंद करा."

"लोक बसलेत. थांब जरा," तो दातओठ खात पुटपुटला.

"लोकांचे मोबाइल उद्याही चार्ज होतील."

त्याने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि टीव्हीचा आवाज वाढवला. मोहिनीने ट्रे खाली ठेवला. ती बोर्डाजवळ गेली आणि खटाखट सगळी बटणं बंद केली. टीव्ही, पंखा, दिवे, सगळं. हॉलमध्ये मिट्ट काळोख झाला. "अगं, वेड लागलं का तुला!" किशोर अंधारात ओरडला. ती थांबली नाही.

आत जाऊन तिने मशीनचं बटण दाबलं आणि मास्क सासूच्या नाकाला लावला. भागीबाईने तो दोन्ही हातांनी बाजूला सारला.

"नको गं पोरी..." तिला धड बोलवत नव्हतं. "किशाचं पाव्हनं बसलंत. त्याला... लाज वाटंल."

"वाटू द्या," म्हणत मोहिनीने मास्क पुन्हा लावला आणि धरूनच ठेवला. वाफ यायला लागली. भागीबाईची धाप हळूहळू कमी झाली.

काळोख्या हॉलमध्ये आता मशीनची घरघर सगळ्यांना ऐकू येत होती.

"कसला आवाज हो हा?" गोरक्षने विचारलं. "आत कुणी आजारी आहे का?"

किशोरने घसा खाकरला.

"छे, छे. इन्व्हर्टरचाय तो. नवीन आहे ना."