मोबाइलमध्ये मावलेलं टेबल

बुधवारी सकाळी वेळाबाईंच्या मोबाइलवर ऑफिसचा कॉम्प्युटर पहिल्यांदाच नीट मावला.

गेले पाच आठवडे त्यांच्या नाकी नऊ आले होते. जिन्यात पडून पाय मोडलेला, प्लास्टर मांडीपर्यंत, घरात दुसरं माणूस नाही. पण बस कंपनीची वेळापत्रकं लावायचं काम तेवीस वर्षं त्यांचंच, ते दुसऱ्या कुणाच्या हाती देणं त्यांच्या जिवावर आलं. तेव्हा ऑफिसच्या कॉम्प्युटरवाल्याने त्यांच्या मोबाइलमध्ये एक सोय करून दिली. पलंगावर पडल्या पडल्या ऑफिसातला आपला कॉम्प्युटर उघडायचा आणि बोटाने चालवायचा. चालवायचा म्हणजे काय, कसरतच ती! तिकडचा स्क्रीन चांगला हातभर रुंद, तो इकडे तळहातावर. अक्षरं मुंगीएवढी. दोन बोटांनी ताणून मोठं करावं, तर सात चाळीसची गाडी दिसायची आणि तिचं गाव स्क्रीनबाहेर पळायचं. एकदा बोट घसरलं आणि शाळेची गाडी पहाटे चारला सुटायला निघाली. नशीब, वेळेत लक्षात आलं.

आणि आज बघावं तर सगळं समोर. अक्षरं ठळक, रकाने या कडेपासून त्या कडेपर्यंत हजर. ताणायला नको, सरकवायला नको. दुपारपर्यंतचं काम त्यांनी दहाच्या आत हातावेगळं केलं.

मग रोजची चिठ्ठी लिहिली. त्यांचं टेबल खिडकीशी होतं आणि स्क्रीनचं तोंड जाण्यायेण्याच्या वाटेकडे. म्हणून काम आटोपलं की त्या स्क्रीनवरच्या एका पानावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवायच्या, ‘खिडकीतल्या कुंडीला पाणी घाला. वेळाबाई.’ हे नाव ऑफिसनेच पाडलेलं, आधी पाठीमागे आणि मग तोंडावर. पहिल्या आठवड्यात खाली कुणीतरी टाइप केलं होतं, ‘घातलं! लवकर या, चहाला मजा येत नाही.’ ती ओळ त्यांनी अजून पुसली नव्हती. नंतर कुणी काही लिहिलं नाही. माणसं कामात असतात, पाणी घातल्याशी कारण, अशी त्या स्वतःची समजूत घालत. नाहीतरी शुक्रवारी प्लास्टर निघणार होतं आणि सोमवारी त्या स्वतःच जाणार होत्या. सोमवारचे कपडे शेजारणीकडून इस्त्री करून घेऊन खुर्चीच्या पाठीवर टांगलेही होते.

आभार मानावेत म्हणून त्यांनी कॉम्प्युटरवाल्याला फोन लावला.

“काय जादू केलीत हो? सगळं कसं मापात बसलंय.”

सरळ माणूस होता तो, खोटं बोलायचं म्हटलं की त्याची जीभ अडखळायची.

“मी काही नाही केलं, मॅडम. तुमचा स्क्रीन काल काढून घेतला. स्क्रीन नसला की मशीन आपणच चित्र लहान करतं.”

हळूहळू बाकीचंही बाहेर आलं. तक्रारी बघायला एक नवीन बाई आल्या, स्क्रीन त्यांना दिला. टेबल तर महिनाभरापूर्वीच हललं, तिथे आता झेरॉक्सचं मशीन आहे. वेळाबाईंचा कॉम्प्युटर स्टोअररूममध्ये ठेवलाय, मांडणीवर, नुसती वायर जोडून. तिथून काम येतंय ना, म्हणून चालू ठेवलाय. मॅडम सोमवारी येणार हे त्याने साहेबांना सांगितलं होतं, पण साहेब म्हणाले, मॅडमचं घरून उत्तम चाललंय, कशाला त्यांना ओढाताण?

वेळाबाईंना विचारायचं पुष्कळ होतं. विचारलं एवढंच,

“आणि कुंडी?”

“कसली कुंडी, मॅडम?”

त्यांनी विषय बदलला. मशीन तेवढं बंद करू नका, म्हणाल्या. त्याने नाही करणार म्हणून सांगितलं आणि फोन ठेवला.

चिठ्ठी मोबाइलवर तशीच उघडी होती. म्हणजे महिनाभर ही अक्षरं स्टोअररूमच्या भिंतीला वाचून दाखवत होतो आपण. आणि कालपासून तर भिंतीलाही नाही. जिन्यात पडल्यावर त्या पाऊण तास हाका मारत पडून होत्या, पण इतकं एकटं त्यांना तेव्हाही वाटलं नव्हतं. पुसून टाकावं म्हणून त्यांनी बोट उचललं, पण त्या जुन्या ओळीपाशी ते अडलं. मोबाइल पोटावर ठेवून त्या खुर्चीवरच्या कपड्यांकडे बघत राहिल्या.

थोड्या वेळाने पाहिलं, तर स्क्रीनवरचा बाण हलत होता. त्यांचं बोट काचेला लागलेलंही नव्हतं. कॉम्प्युटरवाल्याने आपल्या जागेवरून त्यांचा कॉम्प्युटर उघडला असणार. बाण चिठ्ठीच्या खाली येऊन थांबला आणि एकेक अक्षर उमटू लागलं.

‘कुंडीला पाणी घातलं, मॅडम.’

वेळाबाईंनी चष्मा पुसला, पुन्हा लावला, पुन्हा वाचलं. मग एका बोटाने, चुका दुरुस्त करत, सावकाश लिहिलं.

‘नवीन पान फुटलं का?’

बाण जागच्या जागी थांबला. मग एक अक्षर आलं, पुसलं गेलं. पुन्हा आलं, पुन्हा पुसलं गेलं.

‘हो. दोन फुटलीत.’