शोधा आणि बदला

नाव बदलूनही सुलेखा शिल्लक राहिलीच होती.

ईप्सिताने मजकूर पुन्हा वर नेला. ‘सुलेखा’च्या जागी ‘मधू’ आलं होतं. पण ‘सुलेखाला’, ‘सुलेखाने’, ‘सुलेखाचा’ जागचे हलले नव्हते. तिचा रेगेक्स, म्हणजे शब्द हुडकायचा साचा, फक्त सुटा शब्द पकडत होता. मराठीत नाव सुटं राहतंय कुठे? त्याला प्रत्यय चिकटतातच.

संध्याकाळपर्यंत मुलाखती विद्यापीठाच्या संग्रहात द्यायच्या होत्या. ईप्सिता डार्मश्टाटला पीएच.डी. करत होती, लग्न करून जर्मनीत आलेल्या मराठी बायकांवर. संग्रहात गेलं की कुणीही वाचणार. गावात मराठी घरं मोजकी, गणपतीला सगळी एकाच हॉलमध्ये जमणारी. एका ठिकाणी जरी नाव राहून गेलं, तरी लोक सुलेखाताईंना ओळखणार. त्यांच्या नवऱ्याने, चारुदत्तने, सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, की बायको आईच्या आजारपणासाठी भारतात गेली आहे. ती त्याला सोडून दूरच्या येना शहरात गेली, तिथे लेन्सच्या कारखान्यात काम करते, हे ईप्सिताशिवाय इथल्या कुणालाच ठाऊक नव्हतं.

“तुमचं नाव बाहेर जाणार नाही,” असा शब्द तिने दिला होता. टोपणनाव प्रत्येकीने स्वतः निवडायचं होतं. सुलेखाताईंचा काल मेसेज आला होता, ‘मधू लिही.’

ईप्सिताने साचा सुधारला. शब्दाच्या सुरुवातीला ‘सुलेखा’ असेल तर तेवढंच बदलायचं. पुढचा प्रत्यय जसाच्या तसा ठेवायचा. एन्टर दाबलं. पुन्हा शोधलं. सुलेखा कुठेच नव्हती.

तरी तिचं समाधान होईना. काहीही झालं तरी आपण डोळ्यांनी तपासल्याशिवाय हे पाठवायचं नाही, असं तिने ठरवलं आणि पहिल्या ओळीपासून वाचायला बसली.

‘मधू वादविवादात कायम पहिली यायची. मधू कुणाला भ्यायची नाही.’

पुढे, ‘सासूबाई म्हणाल्या, मधूला जर्मन शिकून काय करायचंय?’

आणखी पुढे, ‘हे म्हणायचे, मधूचा पासपोर्ट माझ्याकडेच बरा.’

ईप्सिता थबकली. तिने मूळ मुलाखत उघडून शेजारी लावली. पहिल्या ओळीत काही बदललेलंच नव्हतं. मधू तिथे आधीपासून होती. आता तिला सगळं आठवलं. सुलेखाताई मधू नावाच्या मैत्रिणीबद्दल किती बोलल्या होत्या! ‘माझ्या जागी मधू असती तर पहिल्याच दिवशी पासपोर्ट हिसकावून घेतला असता तिने.’ मधू आता कुठे असते, असं ईप्सिताने विचारलंही होतं. ‘लग्नानंतर भेट नाही,’ एवढंच उत्तर आलं होतं.

साच्याने दोन बायकांची एक करून टाकली होती. वाद जिंकणारीही मधू, पासपोर्ट गमावून बसलेलीही मधू.

ईप्सिताने लगेच फोन लावला.

“ताई, दुसरं एखादं नाव सांगा ना. मधू तर तुमच्या मैत्रिणीचं नाव आहे. मजकुरात तुम्ही दोघी एकमेकींत मिसळलात.”

पलीकडे कारखान्याच्या कँटीनमधला गलबला ऐकू येत होता. “वाच बघू,” सुलेखाताई म्हणाल्या.

ईप्सिताने वाचलं. पहिल्या ओळीपासून, येनाला एकट्याने भाड्याचं घर घेतलं तिथपर्यंत. मध्येच गलबला थांबला. त्या बहुधा बाहेर येऊन उभ्या राहिल्या होत्या. वाचून संपलं.

“मी आत्ता वेगळ्या करते दोघींना,” ईप्सिता घाईने म्हणाली. “नाव तेवढं सांगा.”

“नको. राहू दे तसंच.”

“पण ताई, मधूबद्दल चारुदत्तना ठाऊक असेल. ते वाचलं तर लगेच ओळखतील तुम्हाला!”

“ओळखू दे,” त्या ठामपणे म्हणाल्या. “लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने ‘सुलेखा’ त्यानेच लिहिलं. त्याआधी मी मधूच होते.”